कॅप्टन शेहाताचं माप

नाईलकाठच्या आमच्या दुम्यात गावात पलंग, कपाटं आणि सिंहाच्या पायांच्या खुर्च्या बनवणारे गल्लोगल्ली आहेत. माणसं बनवणारा मात्र एकटा कॅप्टन शेहाता, निदान त्याचं स्वतःचं तरी तसं मत होतं. सुतारांच्या गल्लीत एका तळघरात त्याची व्यायामशाळा होती. वर रंधे चालत, खाली लोखंड आपटे, आणि लाकडाचा भुसा दोन्हीकडच्या लोकांच्या नाकात सारखाच जाई. व्यायाम शिकवणाऱ्या प्रत्येकाला आमच्याकडे कॅप्टन म्हणतात, त्याचा जहाजाशी काही संबंध नसतो. शेहाताला तर नाईल ओलांडणाऱ्या होडीतसुद्धा मळमळायचं.

शेहाता या नावाचा अर्थ भीक. त्याच्या आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून त्याची आई झीनात, हजला जाऊन आल्यापासूनची हाग्गा झीनात, सात घरी भाकरीचा तुकडा मागत फिरली आणि तिसऱ्याचं नाव तिने भीक ठेवलं, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. त्याला आता त्रेचाळीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत दृष्ट लागावी असं त्याच्याजवळ काहीच आलं नाही, ही त्याच्या जिवाला लागलेली खंत होती.

प्रांताच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत तो अकरा वेळा उतरला होता आणि चौथ्या नंबराच्या वर कधी चढला नव्हता. चौथ्याला चषक देत नाहीत, प्रमाणपत्र देतात. ती प्रमाणपत्रं हाग्गा झीनातने स्वयंपाकघराच्या फडताळात अंथरली होती, वर तेलाच्या बाटल्या ठेवल्या होत्या. यंदा चाळिशीपुढच्यांचा नवा गट निघाला, स्पर्धा जूनमध्ये ठरली, आणि शेहाताच्या मनाने घेतलं की आता नाही तर कधीच नाही.

लग्नाचंही असंच रेंगाळलेलं होतं. इन्शिराहशी त्याचा साखरपुडा होऊन आठ वर्षं झाली होती. आधी फ्लॅट होता तर फर्निचर नव्हतं, आणि दुम्यातमध्ये फर्निचर नाही म्हणून लग्न अडलंय हे सांगायची सोय नसते, लोक हसतात. मग शेहाताच्या वडिलांची जुनी साखर बळावली, त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, दोन वर्षांनी ते गेले. मग सुतक, मग इन्शिराहच्या वडिलांचं ऑपरेशन. आठ वर्षं शेहाताच्या उजव्या हातात चांदीची अंगठी होती आणि इन्शिराहच्या उजव्या हातात सोन्याची. लग्नाच्या दिवशी नवरा-बायको एकमेकांची अंगठी उजव्या हातातून काढून डाव्या हातात घालतात आणि मग बाया जिभा वळवून किलकाऱ्या मारतात. त्या किलकारीची वाट बघून शेहाताच्या सगळ्या मावश्या म्हाताऱ्या झाल्या होत्या.

इन्शिराह छत्तीस वर्षांची, वडिलांचं बुटांचं दुकान तीच चालवायची. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याच्या पायाचं माप तिला कळलेलं असे. तिच्या दुकानाचा एक नियम होता. पाय अजून वाढतोय अशा माणसाला ती लग्नाचे किंवा ईदचे भारी बूट विकायची नाही. "माप थांबू दे, मग ये," असं सांगून ती गिऱ्हाईक परत पाठवायची, आणि तिचे वडील डोक्याला हात लावायचे. शेहातासाठी तिने काळे चकचकीत त्रेचाळीस नंबरचे बूट बाजूला काढून ठेवले होते. त्याचं माप थांबून पंचवीस वर्षं झाली होती, तेव्हा तिथे काही धोका नव्हता.

जानेवारीत झाका आला. झाका हा पूर्वीचा पैलवान, आता आइस्क्रीमच्या डब्यात बर्फ भरून त्यात औषधाच्या कुप्या विकत फिरायचा.

"कॅप्टन, डब्यातल्या पावडरी आता कारकून लोक खातात," तो म्हणाला. "हे वेगळं आहे. डोक्यातली ग्रंथी लहानपणी जे देते ना, माणूस उंच व्हावा, भरावा म्हणून, तेच हे. कुपीत बसवलेली वाढ."

"आणि धोका?"

"धोका कशात नाही? तू बाजाराचा रस्ता रोज ओलांडतोस ना?"

व्यायामशाळेच्या दारावर शेहाताने स्वतःच्या हाताने पाटी लिहिली होती: 'सुया टोचणाऱ्याने पायरी उतरू नये.' मागच्याच वर्षी त्याने एका पॉलिशवाल्याला याच कारणाने मानगूट धरून बाहेर काढलं होतं. आता झाकाकडून घेतलेल्या कुप्या घेऊन शेहाता स्वतः त्याच पाटीखालून आत आला, तेव्हा त्याने वर बघितलं नाही.

पण शेहाता अगदीच बिनडोक नव्हता. तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात डॉक्टर लमईंकडे गेला. लमई औषध विकणारे, पण अर्ध्या गल्लीने दुसरा डॉक्टर पाहिलेला नाही. त्यांनी कुपी उजेडात धरून पाहिली.

"हे वाढ खुंटलेल्या मुलांचं औषध आहे, शेहाता. नाहीतर ज्याची ग्रंथी बिघडलीय त्याचं. तुझी ग्रंथी ठीक आहे. तुझा बिघाड तिच्या जरा वर आहे."

"डॉक्टर, थट्टा सोडा. काय होतं ते सांगा."

"साखर चढते. तुझ्या बापाचं आठवतंय ना? अंगात पाणी साठतं, हातापायाला मुंग्या येतात, सांधे धरतात. हाडं लांब होत नाहीत आता, जाड होतात. हृदयसुद्धा जाड होतं, आणि ते कुणी चषक देऊन गौरवत नाही. शिवाय या कुपीत खरंच तेच आहे की मिठाचं पाणी, ते मला सांगता येणार नाही आणि तुझ्या त्या आइस्क्रीमवाल्यालाही."

"आणि फायदा?"

"अंग भरलेलं दिसेल. ताकद वाढेलच असं नाही."

शेहाताने खाली येऊन या सगळ्याचा विचार केला, आणि तो विचार त्याने त्याला येत होता तसाच केला. लोखंडी घोडीवर वजनाची रिकामी सळई ठेवली. डावीकडे धोके चढवायचे, उजवीकडे फायदे. साखरेसाठी त्याने सव्वा किलोची चकती घेतली, मुंग्यांसाठी तशीच एक, हृदयासाठी जरा मन मोठं करून अडीच किलो. मग उजवीकडे चषकासाठी वीस किलो, लग्नात दिसायच्या छातीसाठी दहा, आणि ज्यांनी ज्यांनी त्याला चौथा म्हणून हाक मारली होती त्यांच्या तोंडासाठी आणखी वीस. सळई अर्थातच उजवीकडे कलंडली आणि घोडीवरून सुटून त्याच्या पायाच्या अंगठ्यावर आली. वरचे सुतार रंधा थांबवून काय झालं ते बघायला वाकले. शेहाता एका पायावर नाचत होता, पण निर्णय झाला होता.

आता अडचण एकच होती. एकशे चाळीस किलोच्या सळईखाली आडवा होणारा हा माणूस सुईला घाबरायचा. लमईंनी टोचायला साफ नकार दिला. राहिली आई. हाग्गा झीनात तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. निवृत्त झाल्यावरही गल्लीतले लोक बाही वर करून तिच्या स्वयंपाकघरात यायचे.

"शक्तीचं औषध आहे, आई. लग्नाआधी रोज एक."

हाग्गा झीनातने चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर अपार समजूतदारपणा पसरला.

"लाजू नकोस रे. त्रेचाळिसाव्या वर्षी लग्न म्हणजे कुणालाही धास्ती वाटायचीच. तुझ्या बापालासुद्धा पहिल्या आठवड्यात..."

"आई!"

"बरं बरं. पोट दाखव."

रोज संध्याकाळी फ्रिजमधल्या पांढऱ्या चीजच्या डब्यामागून कुपी निघायची, पाण्यात विरघळायची आणि आईच्या हातून शेहाताच्या पोटात जायची. टोचताना ती सुनेच्या कुशीसाठी दुवा मागायची. शेहाता डोळे घट्ट मिटून घ्यायचा, निम्मं सुईच्या भीतीने आणि निम्मं शरमेने.

एप्रिलपर्यंत तो फुगला. बनियन दंडावर उसवायला लागलं, सुतार वळून बघायला लागले, आणि कुणीतरी त्याला दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी आणून दिला तेव्हा शेहाताला इतका आनंद झाला की त्याने तो मणी दिवसभर मुठीत धरला. फक्त सळईवर मात्र काही हलत नव्हतं. जानेवारीत छातीवरून एकशे चाळीस किलो जात होते, एप्रिलमध्येही एकशे चाळीसच. बोटांना मुंग्या येत. एकदा चहाचा पेला हातातून सुटला तेव्हा फुटल्याचा आवाज येईपर्यंत त्याला कळलंच नाही. लमईंनी जवळजवळ ओढूनच दुकानात नेऊन बोटातलं रक्त काढलं. उपाशीपोटी एकशे एकतीस.

"तुझा बाप याच आकड्यापासून निघाला होता," लमई म्हणाले.

"स्पर्धा झाली की बंद, डॉक्टर. वल्लाही."

मेमध्ये इन्शिराहने बूट घालून बघायला बोलावलं. तिने त्याचा पाय मांडीवर घेतला, बुटात घातला आणि तिचा हात थांबला. पाय अर्ध्यावर अडकला होता.

"पंचेचाळीस," ती हळूच म्हणाली. "शेहाता, तुझा पाय पंचेचाळीस झालाय."

"उकाडा आहे ना."

"उकाड्याने चप्पल घट्ट होते, बाबा, नंबर बदलत नाही. काय घेतोयस तू?"

"पावडर. डब्यातली. अंड्याची असते तशी."

"माझ्याकडे बघून सांग."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि तेच पुन्हा सांगितलं. त्या वेळी तो चांगलाच खोटारडा झालेला होता. इन्शिराहने त्याच्याकडून वचन घेतलं की जे काय आहे ते आजपासून बंद, आणि त्याने ते दिलं. मग तिची नजर त्याच्या उजव्या हातावर गेली.

"अंगठी किती रुतलीय. काढत नाहीस कधी?"

"आठ वर्षं घातलीय, आता काढवत नाही," शेहाता म्हणाला.

इन्शिराह लाजली. खरं म्हणजे ती अंगठी मार्चपासून निघतच नव्हती, साबण लावूनही नाही. आणि या सबंध काळात या मोठ्या विचारवंताच्या डोक्यात एकदाही आलं नाही की ती अंगठी एक दिवस चारशे माणसांसमोर काढून दुसऱ्या हातात घालायची आहे.

लग्न जूनच्या पहिल्या गुरुवारी होतं, स्पर्धा त्यानंतर आठ दिवसांनी. दुपारच्या नमाजानंतर मशिदीत निकाह झाला, सह्या झाल्या, अंगठे उठले. संध्याकाळी नाईलकाठच्या क्लबात मांडव, दिवे, ढोल. नवरा ढगळ कोटात आणि सपातांमध्ये आला, कारण बुटांत पाय जात नव्हता. सुतारांनी त्याला खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला आणि लगेच सोडून दिला. मग ढोल थांबले, मावश्या पुढे सरकल्या, आणि इन्शिराहने त्याचा उजवा हात हातात घेतला.

अंगठी हलली नाही.

तिने हसत पुन्हा ओढली. शेहाताही हसला. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा दोघंही हसत नव्हते. कुणीतरी साबण आणला, कुणी तूप, एका मावशीने लग्नाच्या जेवणातल्या बदकावरची चरबी आणली. एका बाईने रेशमी दोरा गुंडाळायची युक्ती केली आणि बोट जांभळं पडलं. किलकारी मारायला तोंड उघडून बसलेल्या बाया तशाच बसून राहिल्या. शेवटी हमामा उस्ता पुढे आला. हा व्यायामशाळेतला जुना गडी, खुर्च्यांच्या पाठीवर वेलबुट्टी कोरणारा. त्याच्या कोटाच्या खिशात लग्नातसुद्धा केसाएवढं बारीक करवतीचं पातं असायचं.

"कॅप्टन, हलू नको. रोझवूड समज स्वतःला."

दहा मिनिटं ते पातं किरकिरत राहिलं. चांदीची अंगठी उघडली आणि इन्शिराहच्या ओंजळीत पडली. बोटावर खोल पांढरा खड्डा होता, दोन्ही बाजूंना मांस फुगलेलं. बूट विकणाऱ्या बाईला माप वाचायला कितीसा वेळ लागणार?

"तू थांबवलं नाहीस," ती म्हणाली.

शेहाताने ते बोट मुठीत लपवलं.

"काय आहे ते?"

त्याने सांगितलं. ढोलवाल्यांच्या देखत, तिच्या वडिलांच्या देखत, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आईच्या देखत. इन्शिराहने सगळं ऐकून घेतलं. मग तिने तुटकी अंगठी हातरुमालात बांधली.

"दुपारपासून मी तुझी बायको आहे, ते मी मोडत नाही. पण तुझ्या घरी आज येणार नाही. ही अंगठी मी जोडून घेते, होती तशी, होती त्याच मापाची. दर गुरुवारी दुकानात ये. ज्या दिवशी ती साबणाशिवाय तुझ्या डाव्या बोटात जाईल त्या दिवशी मी येईन."

"इन्शिराह, लोक काय म्हणतील?"

"लोकांना बदक वाढा," ती म्हणाली आणि आईवडिलांबरोबर निघून गेली.

घरी हाग्गा झीनात स्वयंपाकघरात उभी राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुझ्या बापाला मी बारा वर्षं सुई टोचली, त्याची साखर उतरावी म्हणून," ती म्हणाली. "आणि तुला पाच महिने टोचली, चढावी म्हणून. दोन लेकरं मी मातीत घातली, शेहाता. तुझ्यासाठी मी भीक मागितली. माझ्याच हाताने करून घ्यायचं होतंस तुला हे?"

शेहाता मटकन स्टुलावर बसला आणि रडला, एवढं मोठं धूड घेऊन, वरातीच्या कोटात. त्याला त्या क्षणी स्वतःची खरोखर किळस आली. सकाळी उरलेल्या कुप्या त्याने लमईंच्या टेबलावर ठेवल्या. स्पर्धेच्या दिवशी तो गेला नाही. चाळिशीपुढच्या गटात चारच जण उतरले होते आणि चौथ्याला प्रमाणपत्र मिळालं, हे कळल्यावर त्याने दिवसभर कुणाशी बोलणं टाकलं.

मग गुरुवार सुरू झाले. दुकानात गिऱ्हाईकांसाठीच्या बाकावर कॅप्टन शेहाता बसायचा, समोर इन्शिराह जोडलेली अंगठी घेऊन. आसपास चपला घालून बघणारी माणसं. पहिल्या गुरुवारी अंगठी नखापाशीच अडली. दुसऱ्या गुरुवारी थोडी खाली. त्याच्या अंगातलं पाणी उतरत होतं, दंड ओसरत होते, बनियन पुन्हा सैल झालं. सुतार म्हणाले, कॅप्टनला कुणाची तरी दृष्ट लागली. लमईंनी बोट टोचलं, एकशे आठ. पाचव्या गुरुवारी अंगठी मधल्या गाठीपर्यंत गेली आणि तिथे थांबली.

सहाव्या गुरुवारी तिथेच. सातव्या, आठव्या गुरुवारीही तिथेच.

"पाणी गेलं," लमई म्हणाले. "उरलंय ती गाठ आहे. ती जाईल असं मला वाटत नाही."

आठव्या गुरुवारी शेहाताने हात मागे घेतला. एक बाई तिच्या मुलीसाठी सॅंडल बघत होती, तिच्यासमोरच तो बोलला, "इन्शिराह, हे एवढं राहणार. मी मूर्खपणा केला, आणि तो हाडात गेला. आता मी कितीही शहाणा झालो तरी ही अंगठी त्यावरून जायची नाही. तुला जे ठरवायचं ते ठरव, मी भांडणार नाही."

तिने त्याच्या बोटाची गाठ चिमटीत धरून पाहिली. "पुढच्या गुरुवारी ये," एवढंच म्हणाली.

नवव्या गुरुवारी तो फाशीला चालल्यासारखा आला. तिने त्याचा डावा हात धरला, अंगठी चढवली, आणि अंगठी गाठीवरून सरकून सरळ मुळाशी जाऊन बसली.

"गेली!" शेहाता ओरडला. "गाठ बसली, इन्शिराह! लमईला काही कळत नाही!"

"गाठ नाही बसली, वेड्या. मी सोनाराकडून अंगठी दोन मापं वाढवून आणलीय."

"पण तू तर म्हणालीस, होती त्याच मापाची..."

"तेव्हा तू फुगत होतास. चार गुरुवार झाले, तुझं बोट तिथल्या तिथे आहे. माप थांबलं. थांबलेल्या मापाचं मी काहीही करून देते, आजवर तसं एक गिऱ्हाईक रिकामं पाठवलं नाही." तिने फळीवरून खोका काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "हे चव्वेचाळीस. त्रेचाळीसचे अब्बांनी विकले. आणि परत कधी वाढलास ना, तर अंगठी कापणार नाही मी, बोट कापीन."

मग ती खाली वाकली आणि गल्ल्यामागून तिची लग्नाची बॅग बाहेर ओढली. बॅगेवर धूळ नव्हती. जूनपासून ती तिथेच होती आणि कुणीतरी रोज पुसत होतं. तिने दुकानाचं शटर ओढलं. शेहाताने ऐटीत उजव्या हाताने बॅग उचलली, आणि दहा पावलांवर त्याच्या बोटांत मुंग्या आल्या, पकड सुटायला लागली. भर बाजारात, सगळ्या सुतारांच्या देखत, त्याने बॅग खाली ठेवली. इन्शिराहने एक बंद स्वतः धरला, त्याने दुसरा, आणि दोघं घराकडे निघाली.